विश्लेषण : दुखण्यावर करंटचा ‘शेक’... टेन्स, आयएफटी, ईएमएस यंत्रांनी खरेच आराम पडतो का?

गुडघा, कंबर, मान किंवा खांदा धरला की घरातले कोणी ना कोणी सांगतेच, ‘दहा दिवस शेक घेऊन ये.’ हा शेक म्हणजे गरम पाण्याची पिशवी नव्हे. फिजिओथेरपी केंद्रातल्या पलंगावर आडवे व्हायचे, दुखऱ्या जागी दोन किंवा चार पॅड लावून घ्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटे त्वचेखालून मुंग्या धावल्यासारखा अनुभव घ्यायचा. उठताना बरे वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे पुन्हा हजर असते आणि रुग्ण पुन्हा पलंगावर. आता तर तळहातावर मावणारी यंत्रे ऑनलाइन मिळू लागली आहेत. पळणाऱ्यांना ‘रिकव्हरी’साठी आणि व्यायामाला वेळ नसणाऱ्यांना ‘२० मिनिटांत तासाभराचा व्यायाम’ म्हणून करंटच विकला जात आहे. यातला कोणता करंट कशासाठी असतो, तो किती उपयोगी पडतो आणि कुठे घातक ठरू शकतो, याचा आढावा.

‘शेक’ म्हणजे नेमके काय?

रुग्णाच्या बोलीत ‘शेक’, ‘करंट’ आणि ‘मशीन’ हे एकच असले, तरी केंद्रातील प्रत्येक पेटीचे काम वेगळे असते. पहिली ‘टेन्स’, म्हणजे ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन. त्वचेवरून मज्जातंतूंना सौम्य करंट देऊन वेदना कमी करणे हा तिचा उद्देश. दुसरी ‘आयएफटी’, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी. उद्देश तोच, पण करंट तयार करण्याची पद्धत निराळी. तिसरी ‘एनएमईएस’ किंवा ‘ईएमएस’. यात करंट इतका वाढवला जातो की स्नायू आपोआप आखडतो आणि सैल होतो. वेदना कमी करण्यापेक्षा स्नायूंची ताकद टिकवणे वा वाढवणे हा तिचा हेतू.

याच खोलीत आणखी दोन यंत्रे असतात, पण ती या कुटुंबातली नाहीत. जेल लावून गोल डोके फिरवले जाते ते अल्ट्रासाउंड. त्यात शरीरात करंट जात नाही, १ किंवा ३ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी जातात. शॉर्टवेव्ह डायथर्मी २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी आतल्या उतींना ऊब देते. खऱ्या अर्थाने ‘शेक’ म्हणावे ते हेच यंत्र. टेन्स आणि आयएफटीने शरीर गरम होत नाही. हा फरक शब्दांपुरता नाही. शरीरात धातूची पट्टी किंवा कृत्रिम सांधा असेल, तर त्या भागावर डायथर्मी वर्ज्य असते, कारण धातूभोवती उष्णता साठून आतून भाजू शकते. त्यामुळे ‘मला शेक दिला’ असे सांगण्याऐवजी यंत्राचे नाव माहीत असणे रुग्णाच्याच हिताचे आहे.

ही कल्पना आली कुठून?

विजेने वेदना शमते हे माणसाला वीज म्हणजे काय हे कळण्याच्या कितीतरी आधी उमगले होते. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने संधिवातासारख्या ‘गाऊट’च्या दुखण्यावर आणि डोकेदुखीवर टॉर्पेडो नावाचा विद्युत मासा वापरण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. पाय बधिर होईपर्यंत रुग्णाने जिवंत माशावर उभे राहायचे, असा तो उपचार होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत लुइजी गॅल्वानी यांनी बेडकाच्या पायाचे स्नायू विजेने आखडतात हे दाखवले. १८५५ मध्ये फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी त्वचेवरून नेमका एखादाच स्नायू विजेने कसा हलवता येतो, यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आजच्या टेन्सचा पाया मात्र १९६५ मध्ये घातला गेला. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आठ रुग्णांवर मज्जातंतूंना करंट देऊन वेदना तात्पुरती थांबवता येते हे दाखवले. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. पुढच्या साठ वर्षांत यंत्रे लहान झाली, स्वस्त झाली, पण त्या शब्दाचे महत्त्व कमी झालेले नाही.

भारतात फिजिओथेरपीचे औपचारिक शिक्षण सुरू झाले ते मुंबईत, केईएम रुग्णालयात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करणे ही त्यामागची निकड होती. म्हणजे या शास्त्राचा आपल्याकडचा पायाच हालचाल परत मिळवण्यावर उभा आहे.

करंटने वेदना कमी कशी होते?

कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की दुसरा हात आपसूक तिथे जाऊन चोळू लागतो. चोळल्याने इजा बरी होत नाही, पण कळ कमी होते. गेट कंट्रोल सिद्धांत हेच समजावतो. स्पर्शाचा निरोप नेणारे मज्जातंतू जाड असतात आणि तो सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने नेतात. रेंगाळणाऱ्या, ठसठसणाऱ्या वेदनेचा निरोप बारीक तंतूंतून सेकंदाला साधारण एक-दोन मीटर वेगाने जातो. दोन्ही निरोप मज्जारज्जूतील एका ‘फाटका’पाशी पोहोचतात. जाड तंतूंची गर्दी झाली की वेदनेच्या निरोपाला पुढे जायला वाव कमी मिळतो. टेन्स जाड तंतूंना सतत जागे ठेवते. मुंग्या धावल्यासारखे वाटते ते त्यामुळेच. या सिद्धांताचे तपशील पुढे बरेच सुधारले गेले, पण मूळ कल्पना टिकली.

टेन्स साधारण दोन प्रकारे दिली जाते. नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला ८० ते १२० स्पंद दिले जातात आणि फक्त मुंग्या जाणवतात. दुसऱ्या पद्धतीत सेकंदाला २ ते ४ स्पंद, पण जोरकस, म्हणजे स्नायू हलकासा उडेल इतके. या पद्धतीत शरीर स्वतःच तयार करत असलेली, मॉर्फीनसारखे काम करणारी द्रव्ये वेदना दाबायला मदत करतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. मात्र रोज तेच सेटिंग वापरत राहिल्यास शरीराला सवय होते आणि परिणाम बोथट होतो, हेही प्रयोगांत आढळले आहे.

हा करंट धोकादायक का नसतो, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एक स्पंद १०० मायक्रोसेकंदांचा आणि सेकंदाला असे १०० स्पंद धरले, तर करंट एका सेकंदात एकूण १० मिलिसेकंदच वाहतो. उरलेला ९९ टक्के वेळ यंत्र गप्प असते. शिवाय करंट दोन पॅडच्या मधल्या भागापुरताच राहतो. म्हणूनच पॅड कुठे लावले जातात याला इतके महत्त्व आहे.

आयएफटीत वेगळे काय?

तंबोरा जुळवताना दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पूर्ण जुळल्या नाहीत, तर आवाजात संथ हेलकावा ऐकू येतो. आयएफटीचे तत्त्व हेच. ऑस्ट्रियातील हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकात ते उपचारासाठी पुढे आणले. चार पॅडमधून दोन वेगळे करंट सोडले जातात. एक सेकंदाला ४,००० आवर्तनांचा, दुसरा ४,१०० आवर्तनांचा. ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे १०० आवर्तनांचा हेलकावा तयार होतो.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? त्वचा कमी वारंवारितेच्या करंटला जास्त अडवते आणि जास्त वारंवारितेच्या करंटला कमी. ४,००० हर्ट्झचा करंट त्वचेला कमी टोचत आत शिरतो. त्यामुळे आयएफटी सहन करायला सोपी वाटते. सोपी वाटणे आणि जास्त परिणामकारक असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुरावे काय सांगतात?

इथे चित्र दोन टोकांचे दिसते. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जुनाट कंबरदुखीच्या १४५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. खरी टेन्स आणि करंट न देणारे खोटे यंत्र यांत फरक आढळला नाही. व्यायाम करणाऱ्या गटाला मात्र फायदा झाला, पण व्यायाम सोडल्यावर तोही ओसरला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने जुनाट कंबरदुखीसाठी टेन्सचा खर्च देणे थांबवले. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स, आयएफटी आणि अल्ट्रासाउंड देऊ नये असे सांगितले. २०२२ मध्ये गुडघ्यासारख्या सांध्यांच्या झिजेसाठीही तीच शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी टेन्सची शिफारस नाही. व्यायाम, रुग्णाला समजावून सांगणे आणि मानसिक आधार यांना तिथे स्थान आहे.

दुसरीकडे, २०२२ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये ३८१ चाचण्यांचा आणि २४,५३२ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच वेदना खोट्या यंत्राच्या तुलनेत कमी होते, याला त्यात मध्यम खात्रीचा पुरावा मिळाला. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. फायब्रोमायल्जिया असलेल्या ३०१ महिलांवरील २०२० च्या अमेरिकी चाचणीत चार आठवडे टेन्स वापरल्यावर हालचाल करताना होणारी वेदना कमी झाली. मासिक पाळीतील दुखण्यावरही टेन्सचा उपयोग होऊ शकतो, असे ‘कॉक्रेन’चे आढावे सांगतात. ज्यांना वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत, त्यांच्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

आयएफटीबाबत २०१० मधील एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष बोलका आहे. व्यायाम किंवा अन्य उपचारांच्या जोडीला दिल्यास आयएफटीचा फायदा दिसतो. नुसती आयएफटी खोट्या यंत्रापेक्षा सरस ठरली नाही.

मग तज्ज्ञांत मतभेद का?

पहिले कारण प्रश्नातच आहे. ‘यंत्र चालू असताना बरे वाटते का?’ आणि ‘तीन महिन्यांनी रुग्ण अधिक चालू-फिरू शकतो का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे, दुसऱ्याचे बहुतांशी नकारार्थी. मार्गदर्शक सूचना दुसरा प्रश्न विचारतात आणि पलंगावरून उठणारा रुग्ण पहिल्याचे उत्तर देतो. दोघेही खरेच बोलत असतात.

दुसरे कारण मात्रेचे. अनेक जुन्या चाचण्यांत करंट इतका कमी ठेवला होता की तो जेमतेम जाणवायचा. टेन्सची तीव्रता ‘जोरकस, पण त्रास न होणारी’ हवी, असे आता मानले जाते. तिसरे कारण म्हणजे खोटे यंत्र बनवण्यातली अडचण. गोळीसारखी दिसणारी साखरेची गोळी करता येते, पण मुंग्या न येणारे यंत्र खोटे आहे हे रुग्ण सहज ओळखतो. त्यामुळे आरामाचा किती वाटा करंटचा आणि किती विश्वासाचा, हे वेगळे काढणे कठीण जाते.

स्नायूंसाठीचा करंट वेगळा कसा?

एनएमईएसमध्ये प्रश्न वेदनेचा नाही, ताकदीचा असतो. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटते. स्नायू शाबूत असतो, पण सूज आणि वेदनेमुळे मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. अशा वेळी करंट तो हुकूम बाहेरून देतो. २०१२ मधील ६६ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांत एनएमईएस सुरू करून सहा आठवडे रोज दोनदा दिले गेले. नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून दिलेल्या या करंटमुळे मांडीची ताकद आणि चालणे अधिक सुधारले.

इथेही मात्रा निर्णायक ठरते. गुडघ्यातील अस्थिबंध शस्त्रक्रियेने नव्याने बसवलेल्या ११० रुग्णांवर १९९५ मध्ये झालेल्या चाचणीत केंद्रातील जोरकस करंटचा फायदा झाला. बॅटरीवर चालणाऱ्या लहान यंत्राच्या सौम्य करंटने तो मिळाला नाही. स्नायूची ताकद वाढवायची तर आकुंचन जोरदार व्हावे लागते आणि ते सुखद नसते. सोफ्यावर बसून टीव्ही पाहताना सहज सोसेल इतक्या करंटने मांडी भरत नाही.

पक्षाघातानंतर चालताना पाऊल लटकते, अशा रुग्णांत पाऊल उचलण्याच्या नेमक्या क्षणी करंट देण्याची युक्ती १९६१ पासून माहीत आहे. तिथे करंट चालण्याच्या सरावाचाच भाग होतो. म्हणूनच तो उपयोगी पडतो.

सुदृढ माणसाला फायदा किती?

१९७०च्या दशकात सोव्हिएत संशोधक याकोव्ह कोट्स यांनी खेळाडूंवर २,५०० हर्ट्झचा करंट वापरला. १० सेकंद करंट, ५० सेकंद विश्रांती, अशा दहा फेऱ्या. ताकद ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचा दावा जगभर गाजला. ‘रशियन करंट’ हे नाव तेव्हापासूनचे. पाश्चात्त्य प्रयोगशाळांना मात्र तेवढी वाढ दाखवता आली नाही.

कारण शरीराच्या रचनेत आहे. माणूस स्वतः वजन उचलतो तेव्हा शरीर आधी लहान, न थकणारे स्नायूतंतू कामाला लावते आणि गरज पडेल तसे मोठे तंतू जोडते. शिवाय तंतू आळीपाळीने काम करतात. बाहेरून दिलेला करंट ही शिस्त पाळत नाही. पॅडजवळचे तेच तंतू तो पुन्हा पुन्हा, एकाच वेळी ओढतो. त्यामुळे स्नायू लवकर थकतो. तोल, श्वास, हृदयाची क्षमता यांची तालीम तर होतच नाही.

मॅरेथॉननंतरच्या ‘रिकव्हरी’चे काय? जड व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी अंग ठणकते, त्यावरच्या ९९ अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मालिश सर्वांत उपयुक्त ठरली. हलका व्यायाम, दाब देणारे कपडे, पाण्यात बसणे यांचाही फायदा दिसला. विद्युत उत्तेजनाने ठणका कमी झाल्याचे दिसले नाही. यंत्राने पाय हलके वाटले, तर वापरायला हरकत नाही, पण झोप, पुरेसे जेवण आणि दुसऱ्या दिवशीचे संथ चालणे यांना ते पर्याय नाही.

पोट कमी करणाऱ्या पट्ट्यांबाबत तर संदिग्धताच नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर खोट्या जाहिरातींबद्दल कारवाई सुरू केली होती. अशा यंत्रांनी स्नायू तात्पुरता घट्ट होऊ शकतो, पण आहार आणि व्यायामाशिवाय पोट सपाट होत नाही, हे तिथल्या एफडीएने ग्राहकांसाठी स्पष्ट केले आहे.

संपूर्ण शरीराला करंट देणारे जाकीट घालून केल्या जाणाऱ्या व्यायामात वेगळा धोका आहे. पहिल्याच सत्रात एकाच वेळी अनेक मोठे स्नायू जोराने आखडल्यास स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरू शकतात. ‘रॅब्डोमायोलिसिस’ या अवस्थेत मूत्रपिंडावर ताण येतो. इस्रायलमधील डॉक्टरांनी २०१६ मध्ये ‘बीएमजे’मध्ये या व्यायामावर नियंत्रणाची मागणी केली. जर्मनीत प्रशिक्षित व्यक्तींबाबतचे नियम लागू आहेत. अशा सत्रानंतर अंग असह्य दुखले, सूज आली किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

चेहऱ्यावरून वारे गेल्यास करंट घ्यावा का?

सकाळी उठल्यावर तोंड एका बाजूला वाकडे झालेले दिसते, डोळा मिटत नाही. घरचे म्हणतात, वारे गेले, करंट घ्यायला घेऊन जा. ‘बेल्स पाल्सी’ या आजारात करंटचा ठोस फायदा होतो असा भक्कम पुरावा २०११ च्या कॉक्रेन आढाव्याला सापडला नाही. ज्याचा फायदा सिद्ध आहे ते स्टिरॉइडचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावे लागते. शिवाय तोंड वाकडे होणे हे पक्षाघाताचेही लक्षण असू शकते. हात-पाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे सोबत असेल, तर एक तासही मोलाचा असतो. इथे करंटने थेट अपाय होत नाही. अपाय होतो तो वेळ गेल्याने.

हाच धोका इतर दुखण्यांतही आहे. डाव्या खांद्यातली कळ हृदयाची असू शकते. पोटरीतला ठणका शिरेत साकळलेल्या रक्ताचा असू शकतो. कंबरदुखीसोबत ताप, वजन घटणे, पायांतील ताकद जाणे किंवा लघवी-शौचावरचे नियंत्रण सुटणे ही लक्षणे असतील, तर आधी डॉक्टर, मग पॅड.

कोणी टाळावे?

हृदयात पेसमेकर किंवा झटका देणारे उपकरण बसवलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय यातील कोणतेही यंत्र वापरू नये. गर्भवतींच्या पोटावर व कमरेवर, कर्करोगाच्या गाठीवर, रक्त साकळलेल्या शिरेवर, जखमेवर किंवा संसर्ग झालेल्या त्वचेवर पॅड लावू नयेत. फिट येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर आणि छातीच्या आरपार करंट जाईल अशा रीतीने पॅड लावणे सर्वांसाठीच वर्ज्य आहे.

मधुमेहींनी विशेष काळजी घ्यावी. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर करंट किती वाढला हे कळतच नाही आणि त्वचा भाजते. ‘मला काहीच जाणवत नाही, अजून वाढवा’ हे वाक्य अशा रुग्णाच्या तोंडी आले, तर वाढवण्याऐवजी थांबायला हवे.

घरी यंत्र वापरताना काय पाहावे?

पहिल्यांदा पॅडच्या जागा आणि सेटिंग फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. त्वचा धुऊन कोरडी करावी, तेल किंवा मलम राहू देऊ नये. यंत्र बंद असतानाच पॅड लावावेत आणि काढावेत. पॅडचा चिकटपणा गेला की ते बदलावेत. अर्धवट चिकटलेल्या पॅडच्या छोट्या भागातून सगळा करंट गेला की टोचते किंवा चटका बसतो. पॅड लावून झोपू नये, गाडी चालवू नये, आंघोळ करू नये. चार्जिंगला लावलेले यंत्र अंगावर वापरू नये.

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का, हे पाहावे. उपचार करणारी व्यक्ती महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यातही संकोच नसावा.

पैसे भरण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

दहा किंवा पंधरा सिटिंगचे पैसे भरण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत. कोणते यंत्र देणार आणि कशासाठी? करंटनंतर कोणता व्यायाम शिकवणार? किती दिवसांनी काय सुधारायला हवे आणि नाही सुधारले तर पुढे काय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, पॅड लावून अटेंडंट निघून जात असेल आणि वीस मिनिटांनी घंटी वाजली की घरी पाठवणी होत असेल, तर रुग्ण फक्त त्या वीस मिनिटांच्या आरामाचे पैसे मोजत आहे.

या आरामाला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याला वेदनेमुळे पाय जमिनीवर टेकवत नाही, त्याच्यासाठी वेदना थोडा वेळ कमी होणे ही मोठी संधी असते. त्या वेळेत गुडघा वाकवला, मांडी आवळली, चार पावले चालून पाहिले, तर करंट उपयोगी पडला. तो वेळ पलंगावरच गेला, तर दुसऱ्या दिवशी दुखणे तिथेच असेल आणि अकराव्या दिवशी पुन्हा नवे पॅकेज घ्यावे लागेल.